नऊ बाटल्यांचे वाटे

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दूधवाल्यानं दूध घातलं की मी पातेलं हलवून बघते. शाळेत एखाद्या पोरानं फार नीट उत्तर दिलं की माझी नजर आधी त्याच्या शेजारच्या पोरावर जाते. माझी मोठी जाऊ धुरपदाबाई, तिला मी अक्का म्हणायची, ती म्हणायची, "लता, तू ते देवले बी सही मांगशी." आणि स्वतःच हसायची.

अमळनेरहून धुळ्याच्या अंगाला आमचं गाव. मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. मास्तरीण झाले ती अक्कामुळे. मी डी. एड.ला गेले तेव्हा माझी दोन्ही पोरं तिनं सांभाळली. तिचा नवरा लवकर गेला, पोटी मूल नव्हतं, आणि या घरात तिनं कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. पन्नाशीला आली तशी तिची बोटं सुजायला लागली. नंतर ती वाकडी झाली. सकाळी मूठ उघडायला अर्धा तास लागायचा. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या दिवसांत ती बाजेवर बसून नुसत्या सूचना द्यायची आणि बायका घरी गेल्या की रडायची. तिनं थापलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाऊन मला दोन वर्षं झाली होती.

एक्क्याण्णव साली धुळ्याचे डॉक्टर सुराणा आमच्या गावात आले. सांध्यांचे डॉक्टर. त्यांचे वडील माणकचंद यांचं अमळनेरला कापडाचं दुकान, आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांची लुगडी तिथली, म्हणून माणसं त्यांच्यासमोर बसली तरी. त्यांनी सगळ्यांचे हात-गुडघे तपासले आणि आमच्या अक्कासकट नऊ जण निवडले. म्हणाले, मुंबईच्या एका कंपनीनं संधिवातावर नवी गोळी काढली आहे. जुन्या गोळीपेक्षा ती बरी आहे का, हे बघायचंय. चार महिने गोळ्या फुकट, रक्ताच्या तपासण्या फुकट, धुळ्याला यायचं एस. टी.चं भाडं मिळेल. फक्त या कागदावर सही किंवा अंगठा.

फुकट म्हटल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. मी कागद हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं, "सहभागी रुग्णास यादृच्छिक पद्धतीने दोहोंपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल." मी ते मोठ्यानं वाचलं. सुकदेव नाना, आमच्या नऊ जणांतले सगळ्यात वयस्क, त्यांनी कानामागे हात नेला आणि विचारलं, "लताबाई, हाई कोनती भाषा शे?"

डॉक्टर ओशाळले. "मुंबईहून असंच आलंय," म्हणाले. "बाई, तुम्ही मला विचारा. जे वाटेल ते विचारा. आणि मग तुमच्या शब्दांत यांना सांगा."

मी कशाला सोडतेय. दीड तास बसवून घेतलं त्यांना.

"आमचंच गाव का? मुंबईत म्हातारे संपले?"

"मुंबईतही चालू आहे. इथं आणखी दोन गावांत आहे."

"कोणाला नवी, कोणाला जुनी, हे कोण ठरवणार?"

"कोणीच नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. मुंबईत आधीच ठरलंय. बाटल्यांवर नुसते नंबर आहेत, गोळ्या दिसायला एकसारख्या."

"तुम्हाला माहीत असेलच."

"मलाही नाही. मला कळलं, तर नवी गोळी घेणाऱ्याचा हात मला उगाच बरा दिसायला लागेल. तुम्हाला कळलं तर तुम्हालाही."

"डॉक्टरलाच माहीत नाही पेशंट काय खातोय! आणि काही झालं म्हणजे?"

"प्रत्येक नंबरचं एक बंद पाकीट आहे. गरज पडली तर फोडायचं, त्यात लिहिलेलं असतं. आणि कोणालाही, कधीही, कारण न सांगता सोडता येतं. माझा राग येणार नाही."

हे शेवटचं मला खरं वाटलं नाही, पण त्यांनी ते तीनदा सांगितलं. मग मी एका वहीच्या पानावर सगळं आमच्या भाषेत उतरवलं आणि शाळेच्या वर्गात नऊ जणांना समोर बसवून वाचलं. चिठ्ठ्यांचं काही त्यांच्या डोक्यात शिरेना. तेव्हा मी म्हटलं, "पाटलांचा सामायिक आंबा दखेल शे ना?" तो दखेल नाही असं गावात कोण आहे. चार भावांचं एक झाड. आंबे उतरवले की चार ढीग घालतात. एक जण पाठ करून उभा राहतो, दुसरा ढिगावर हात ठेवून विचारतो, "हाऊ वाटा कोना?" पाठमोरा एकाचं नाव घेतो. "तसंच शे हाई," मी म्हटलं. "डॉक्टर बी पाठ करीसन उभा शे, आपन बी." सगळ्यांच्या माना हलल्या. वाटे म्हटल्यावर काही विचारायचं राहिलंच नाही. डॉक्टर इतके खूश झाले की माझं पान त्यांनी सायक्लोस्टाइल करून दुसऱ्या दोन गावांतही वाचलं. मला फार अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना माहीत नव्हती, आणि मलाही त्या दिवशी सुचली नाही. आंब्याचे ढीग घालताना प्रत्येक ढिगात पाडाचे, कच्चे आणि पोपटानं टोचलेले आंबे सारखे घालतात. म्हणून तर पाठ करून चालतं. एका ढिगात सगळे पाड आणि दुसऱ्यात सगळे टोचके, असे वाटे आमच्याकडे कोणी घालत नाही. घातले तर त्याच झाडाखाली मारामारी होईल.

महिना गेला. झुंबरबाई लुगडं पिळायला लागली. ही आमच्या गल्लीतली, अक्काची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. परवापर्यंत तिला तांब्या धरवत नव्हता. सुकदेव नानांचे गुडघे होते तसेच, आणि अक्काची मूठ सकाळी तशीच बंद. लोक कुजबुजायला लागले. सुकदेव नाना पारावर उघड म्हणाले, "वाटाच चुकना."

मीही मनातल्या मनात त्या आगीत तेल ओतत होतेच. चिठ्ठ्या टाकल्या म्हणतात, त्या पाहिल्या कोणी? आमच्याकडे वाटे होतात ते सगळ्यांदेखत. हे मुंबईला बंद खोलीत झाले. झुंबरबाईच्या माहेरचं आणि डॉक्टरांच्या घरचं जुनं येणं-जाणं आहे, हे मला ठाऊक होतं. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला पक्कं वाटायला लागलं. आणि अक्काकडे बघून वाटायचं, हिनं आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं, आणि हिच्याच वाट्याला टोचके.

म्हणून परातीची कल्पना माझी. दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

नव्या बाटल्या मिळाल्या त्या संध्याकाळी नऊ जण आमच्या ओसरीवर जमले. मी पितळी परात घासूनपुसून कोरडी केली आणि नऊच्या नऊ बाटल्या तिच्यात ओतल्या. पांढऱ्या गोळ्या, सगळ्या एकसारख्या. हातानं चांगल्या कालवल्या आणि प्रत्येक बाटलीत मोजून तीस-तीस परत भरल्या. सगळ्यांच्या तोंडावर समाधान आलं. झुंबरबाई तर आधी तयार झाली. ती म्हणाली, "मी एकटीनी बरं व्हईसन काय करू? धुरपदा संगे नही ते काय मजा शे?" त्यानंतर दर पंधरा दिवसांनी आमच्या ओसरीवर परात निघायची.

डॉक्टर दर खेपेला उरलेल्या गोळ्या मोजायचे आणि विचारायचे, "एकमेकांना देत-घेत नाही ना?" मी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. सगळे म्हणायचे, नाही. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुमच्या गावाची मोजणी एका गोळीनं चुकत नाही. बाकीच्या गावांत कोणी विसरतं, कोणी सांडतं." मी मान खाली घालून हसले.

आणि तीन आठवड्यांनी अक्कानं भाकरी थापली. लहानशी, एका बाजूला जाड, पण तिच्या हातची. मी ती चुलीपुढे बसून खाल्ली आणि रडले. मला वाटलं, मी डॉक्टरपेक्षा शहाणी.

दुसरा महिना संपत आला तसं अक्काचं जेवण कमी झालं. मळमळ व्हायची. एक दिवस ती उन्हात बसली होती आणि मला तिचे डोळे पिवळे दिसले. त्याच दिवशी मी तिला धुळ्याला नेलं.

डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. "गोळ्या बंद. आत्तापासून एकही नाही." रक्त घेतलं. मुंबईला फोन लावला आणि अक्काच्या नंबरचं पाकीट फोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "अक्कांना जुनी गोळी होती, बाई. वीस वर्षं लाखो लोक खातात ती. तिनं असं होत नाही. ही पाण्याची कावीळ दिसते. विश्रांती द्या, तेल-तूप बंद, आठ दिवसांनी आणा." बोलताना त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नव्या गोळीवरचं बालंट टळलं होतं, ते मी पाहिलं.

त्या खोलीत खरं काय ते फक्त मला माहीत होतं. अक्कानं जुनीही खाल्ली होती आणि नवीही. पाकिटातला कागद तिच्या बाबतीत खोटा होता, आणि तो खोटा मी केला होता.

मी गप्प बसले. का, तेही सांगते. बोलले असते तर नऊही जणांच्या गोळ्या बंद झाल्या असत्या, आणि आता सगळ्यांनाच थोडं थोडं बरं वाटत होतं. माझं पान दोन गावांत वाचलं जात होतं, त्याचीही लाज वाटली. आणि मी मनाला समजावलं की अक्काच्या गोळ्या तर बंदच केल्यात. काही का असेना, आता ती आपोआप बरी होईल. मग सांगून काय मिळणार?

घरी आणल्यावर मी तिला उसाचा रस दिला, ताक दिलं, शाळेतून मधल्या सुटीत धावत घरी यायची. कावीळ उतरेना. अंगाला खाज सुटली. सहाव्या-सातव्या दिवशी ती बोलता बोलता झोपायला लागली. मी आधी विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला, मग रसवाल्यावर, मग डॉक्टरांच्या तपासणीवर.

आठव्या दिवशी मी शाळेतून लवकर आले. झुंबरबाई आमच्या घरातून बाहेर पडत होती. मला पाहून तिनं पदर सावरला आणि घाईनं गेली. आत अक्का बाजेवर पडलेली, एक मूठ बंद. सवयीनं बंद असेल म्हणून मी ती चोळायला घेतली, तर आत दोन पांढऱ्या गोळ्या.

"अक्का, हाई काय शे?"

"झुंबर देस," अक्का डोळे मिटूनच म्हणाली. "बठ्ठा जन एक-एक काढतस मनाकरता."

"डॉक्टरनी बंद करेल शेतस ना तुन्या गोळ्या!"

"डॉक्टरनी मनी बाटली बंद करी, लता. मना वाटा थोडाच बंद करा." मग म्हणाली, "तुले सांगं नही. तू रागे भरशी. आनी त्या इतला मायाघाई देतस, कसं नको म्हनू?"

मी दिवस मोजले. आठ दिवस. रोज दोन. आठ माणसांनी आपापल्या तोंडातली काढून तिला दिली होती.

मी गल्लीतल्या भटूची जीप घेतली आणि अक्काला मागच्या बाकावर माझ्या मांडीवर झोपवून धुळ्याला नेलं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं, परात म्हणायचं की नुसतं अदलाबदल म्हणायचं.

डॉक्टरांनी अक्काचं रक्त घेतलं. तिला हलवून जागं केलं आणि तिच्या कानाशी वाकून सावकाश विचारलं, "अक्का, खरं सांगा. कोणाच्या दुसऱ्या गोळ्या खाल्ल्या का?"

अक्कानं पिवळे डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहून स्पष्ट म्हणाली, "नही. मनीज बाटलीन्या."

मी पढवलं होतं तसंच. शुद्ध हरपत असतानाही ती मला सांभाळत होती. मला ते सहन झालं नाही. मी तिथंच, नर्सच्या समोर, सगळं सांगितलं. परात, तीस-तीस, पढवणी, बंद मुठीतल्या दोन गोळ्या, सगळं. अक्का नुसती म्हणाली, "कसाले सांगं वं? आते बठ्ठासन्या बंद व्हतीन."

डॉक्टर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

ते खुर्चीवर बसले. "मी मुंबईला लिहून दिलंय की कावीळ नव्या गोळीची नाही. त्या कागदाच्या भरवशावर बाकी सगळीकडे चालू ठेवलंय. मुंबईत, त्या दोन गावांत, सगळीकडे." मग उठून त्यांनी फोन फिरवला. लाइन लागेना. तीनदा, चारदा फिरवला. लागल्यावर इंग्रजीत बोलले. काय बोलले ते मला कळलं नाही, पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

माझे यजमान अक्कापाशी थांबले. डॉक्टर त्याच संध्याकाळी स्वतःची गाडी काढून माझ्याबरोबर गावात आले. आठही जणांचं रक्त घेतलं, बाटल्या गोळा केल्या. आमच्या ओसरीवर कंदील लावून त्यांनी गोळ्या मोजल्या. पहिल्यांदाच मोजणी चुकली. चाळीस गोळ्या कमी भरल्या. अक्काला दिलेल्या वजा करूनही चोवीस कमी. "कोणाकडे असतील तर द्या," ते म्हणाले. एकेक करून सगळे घरी निघून गेले.

चौथ्या दिवशी अक्का गेली.

तिचं सगळं करून आम्ही घरी आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले. सुतक असल्यामुळे बाहेरच उभे राहिले. मी त्यांना विचारलं, "कोणत्या गोळीनं झालं?"

"मला सांगता येणार नाही, बाई," ते म्हणाले. "नवीचा संशय आहे. पण कोणी कोणती किती खाल्ली, हे आता जगात कोणालाच सांगता येणार नाही." मग त्यांनी खिशातून कागद काढला. "सात जणांचं रक्त ठीक आहे. झुंबरबाईंचं बिघडलंय. अक्कांचं सुरुवातीला असेल तसं. आत्ता थांबल्या तर वाचतील. मी त्यांच्या दारात जाऊन आलो. त्या म्हणतात, माझ्याकडे गोळ्या नाहीत. तुम्ही बोलून बघा. तुमचं ऐकतील."

मी सुतक विसरून, पायात चप्पल न घालता गेले. झुंबरबाई अंगणात बसून शेंगा फोडत होती, स्वतःच्या बोटांनी, कटकट आवाज करत. सुकदेव नाना ओट्यावर टेकून बसले होते.

"झुंबरबाई, गोळ्या दी दे," मी म्हटलं.

"कोनत्या?"

"लपाडेल शेतस त्या. तुनं रगत बिघडेल शे. अक्का त्याच गोळ्यासघाई गई."

ती शेंगा फोडायची थांबली. "धुरपदा पानीनी कावीळघाई गई. तुना डॉक्टरनीच सांगेल शे ना? तेव्हय सांगं पानीनी. आते आमना हात उघडनात, गोळी चांगली निघनी, ते म्हनस गोळीनी. म्हनजे गोळ्या परत लेवाले मोकळा." तिनं हात माझ्यासमोर धरला, मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "दख."

"त्यानं तेव्हा खोटं सांगं नही. त्याले माहीत नव्हतं. गोळ्या मी एक करेल शेतस. परातमा मीच वतेल शेतस, तुना समोर. चूक मनी शे, झुंबरबाई. त्याची नही."

हे बोलताना मला रडू आलं. आयुष्यात इतकं सरळ मी कोणाशी बोलले नव्हते. वाटलं, आता तरी ती उठेल, घरात जाईल, डबा आणून माझ्या हातात देईल.

सुकदेव नानांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या ओळखीची नजर होती ती. मीच ती सगळ्या गावाला दाखवत फिरले होते.

"लता," झुंबरबाई हळू आवाजात म्हणाली, "तू त्याले दीड तास सवाल करेत. बठ्ठा गावमा तूच एक हुशार. आनी आते त्याना मांगे बोलस." तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग उन्हात हळदीसारखा दिसत होता. "खरं सांग. त्यानी तुले काय दिधं?"

मी तिच्या पायाशी बसले. तिनं मांडीखालून एक लहान डबी काढली आणि पदरात घट्ट धरली.